मातीचे देणे, मातीचे घेणे

मृगाची पहिली सर कोसळली की तापलेल्या भूमीतून जो सुगंध उठतो, तो मराठी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. कवींनी त्याला धरित्रीचा नि:श्वास म्हटले आणि शेतकऱ्याने त्यात पेरणीचा सांगावा ऐकला. १९६५ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्यूबर्ट लेशेव्हालिए या दोन संशोधकांनी या वासामागील एक प्रमुख द्रव्य वेगळे काढले व त्याला ‘जिऑस्मिन’, म्हणजे भूगंध, असे नाव दिले. हे द्रव्य निर्माण करणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत. बुरशीसारखे तंतू पसरणारे, परंतु जातीने जीवाणूच असलेले हे भूमिवासी शास्त्रात ‘स्ट्रेप्टोमायसीस’ या नावाने ओळखले जातात. त्यांनी माणसाला हा सुगंध दिला आणि त्याहून मोठेही एक देणे दिले. विसाव्या शतकातील कित्येक प्राणरक्षक औषधे याच कुळातून निघाली. त्या औषधांचा शेतातून रुग्णशय्येकडे व रुग्णशय्येकडून पुन्हा शेताकडे झालेला प्रवास हा आधुनिक इतिहासातील एक विलक्षण अध्याय आहे. त्यात कर्तृत्व आहे, कृतज्ञता आहे आणि अविवेकही आहे.

या अध्यायाचा आरंभ एका कृषिशास्त्रज्ञापासून होतो. सेलमन वाक्समन यांचा जन्म १८८८ साली आजच्या युक्रेनमधील एका लहान गावी झाला. १९१० मध्ये ते अमेरिकेस गेले आणि रटगर्स येथे मृत्तिकेतील सूक्ष्म जीवांच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य वेचले. वैद्यकाशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध नव्हता. मातीत जीव कसे जगतात, एकमेकांशी कसे झगडतात, कुजलेल्या पाल्याचे खत कसे होते, हेच त्यांचे विषय. त्यांचेच एक माजी विद्यार्थी रेने द्यूबो यांनी १९३९ साली मातीतील एका जीवाणूपासून जंतुनाशक द्रव्य मिळविले, तेव्हा वाक्समन यांच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीव दाटीवाटीने राहतात. त्यांच्यातील काही जीव शेजाऱ्याला मारणारी वा त्याची वाढ रोखणारी रसायने बनवितात. ती रसायने माणसाच्या शत्रूंवर का वापरू नयेत? अशा द्रव्यांना आज सर्वत्र रूढ झालेले ‘अँटिबायोटिक’ हे नाव वाक्समन यांनीच प्रचारात आणले. मराठीत आपण त्यांना प्रतिजैविके म्हणतो.

१९४३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतील आल्बर्ट शात्झ या तरुण विद्यार्थ्याला करड्या-हिरव्या रंगाच्या एका स्ट्रेप्टोमायसीसपासून स्ट्रेप्टोमायसिन सापडले. पेनिसिलिनपुढे न नमणाऱ्या क्षयाच्या जंतूवर ते चालले. ज्या रोगाच्या नावाने घरेच्या घरे ओस पडत, त्यावर माणसाच्या हाती प्रथमच खरे शस्त्र आले. पुढे श्रेयावरून गुरुशिष्यांत वाद झाला. १९५० साली शात्झ न्यायालयात गेले आणि तडजोडीने सहसंशोधक म्हणून त्यांना मान्यता मिळाली. तरीही १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वाक्समन यांनाच देण्यात आले. या वादाहून आपल्या विषयाला अधिक जवळची एक गोष्ट त्या शोधाच्या नोंदीत आहे. शात्झ यांना या जीवाणूचे दोन वाण मिळाले होते. त्यांतील एक भरपूर खत घातलेल्या शेतातील मातीतून आला होता आणि दुसरा एका कोंबडीच्या घशातून. शेत, खत आणि कोंबडी ही तिन्ही या औषधाच्या जन्माला साक्षी होती. पुढील इतिहासात हीच तिन्ही पुन:पुन्हा भेटतात.

त्यानंतर जगभर मातीचा शोध सुरू झाला. औषधांच्या कारखान्यांनी प्रवासी, वैमानिक, मिशनरी, डॉक्टर अशा सर्वांना मातीच्या पुड्या पाठविण्याची विनंती केली. व्हेनेझुएलातील काराकास नगराजवळच्या मातीतून क्लोरॅम्फेनिकॉल निघाले व विषमज्वराची भीती ओसरली. फिलिपीन्समधील इलोइलो येथील मातीतून एरिथ्रोमायसिन मिळाले. बोर्निओच्या अरण्यातून एका मिशनऱ्याने धाडलेल्या चिखलातून व्हँकोमायसिन हाती आले. कोणे एके काळी सोन्यासाठी समुद्र ओलांडले जात. आता मूठभर मातीसाठी टपाल देशोदेशी फिरू लागले.

या सर्वांत आपल्या कथेच्या दृष्टीने महत्त्वाचा नमुना मात्र दूरच्या अरण्यातला नव्हता. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाचे ‘सॅनबॉर्न फील्ड’ नावाचे प्रयोगक्षेत्र आहे. १८८८ पासून तेथे निरनिराळ्या तुकड्यांवर पिकांचे व खतांचे दीर्घकालीन प्रयोग चालू होते. त्यातील तेविसाव्या तुकडीची थोडी माती प्रा. विल्यम अल्ब्रेक्ट यांनी बेंजामिन डुगर या सत्तरी ओलांडलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांकडे पाठविली. डुगर तेव्हा लेडर्ली या औषध कंपनीत काम करीत होते. त्या मातीतून त्यांनी सोनेरी रंगाचा एक जीवाणू वेगळा काढला. त्याच्यापासून झालेले ‘ऑरिओमायसिन’ १९४८ साली जगापुढे आले. टेट्रासायक्लिन या विख्यात औषधकुळाचा हा मूळ पुरुष.

याच कंपनीत थॉमस ज्यूक्स नावाचे संशोधक कोंबड्यांच्या आहाराचा अभ्यास करीत होते. पिलांची वाढ होण्यास जे ब-१२ जीवनसत्त्व लागते, ते स्वस्तात कोठून मिळेल, हा त्यांचा प्रश्न होता. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर पिंपांत उरणारा चोथा त्यांनी पिलांना चारून पाहिला. १९४८ च्या नाताळच्या दिवशी, प्रयोगशाळेतील इतर मंडळी घरी सण साजरा करीत असताना, ज्यूक्स यांनी पिले तराजूत घातली. चोथा खाल्लेली पिले सर्वांत जड भरली. केवळ जीवनसत्त्वाने एवढी वाढ होणे शक्य नव्हते. चोथ्यात राहून गेलेला औषधाचा अंश हेच त्याचे कारण, हे लवकरच स्पष्ट झाले. १९५० मध्ये ज्यूक्स आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट स्टॉकस्टाड यांनी हा निष्कर्ष जाहीर केला आणि १९५१ साली अमेरिकन शासनाने पशुखाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास अनुमती दिली. डुकरे, वासरे, कोंबड्या, सर्वांच्याच खाद्यात ती पडू लागली. युद्धानंतरचे ते दिवस. जगाला अन्न हवे होते आणि तेवढ्याच दाण्यांत अधिक मांस मिळत होते. यात काही वावगे आहे असे फारच थोड्यांना वाटले.

वावगे काय होते, हे समजण्यासाठी मातीतील जीवनाकडे पुन्हा वळावे लागेल. जो जीव विष बनवितो, त्याला प्रथम त्या विषापासून स्वत:चा बचाव करावा लागतो. तलवार घडविणाऱ्याने ढाल घडविली नाही तर तो आपल्याच घावाने मरेल. म्हणून मातीत जितकी प्रतिजैविके जुनी, तितकीच त्यांना दाद न देण्याची शक्तीही जुनी. पेनिसिलिनचा रुग्णांवर सर्रास वापर सुरू होण्यापूर्वीच, १९४० साली, ऑक्सफर्ड येथे एडवर्ड एब्रहॅम आणि अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलिन फोडून टाकणारे जीवाणूंमधील विकर शोधून काढले होते. १९७३ मध्ये बेनव्हेनिस्ट आणि डेव्हिस यांनी असे दाखविले की, रुग्णालयातील हट्टी जंतू स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातील औषधे ज्या पद्धतीने निकामी करतात, तीच पद्धत मातीतील स्ट्रेप्टोमायसीस जीवाणूंपाशीही आहे. २००६ साली कॅनडातील जेरार्ड राइट यांच्या प्रयोगशाळेने मातीतून काढलेले ४८० वाण २१ प्रतिजैविकांसमोर उभे केले. एकेक वाण सरासरी सात ते आठ औषधांना पुरून उरला. त्याच गटाने २०११ मध्ये युकॉन प्रदेशातील ३०,००० वर्षे गोठून राहिलेल्या भूमीतही असेच संरक्षक गुण धारण करणारी जनुके असल्याचे दाखविले. माणूस शेती शिकण्याच्या कितीतरी आधीची ती माती होती.

मग कोणी म्हणेल की, जर ही शक्ती निसर्गातच होती, तर माणसाचा दोष कोणता? हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर प्रमाणात दडलेले आहे. निसर्गात प्रतिजैविके अत्यल्प मात्रेत, कणाकणाच्या अंतरात निर्माण होतात. त्यामुळे ढाल बाळगणारे जीव असतात खरे, परंतु ते इतरांवर मात करून सर्वत्र पसरत नाहीत. कारण ढाल वागविण्याचाही भार असतो. माणसाने तेच द्रव्य टनांनी तयार केले आणि जनावरांच्या पोटातून शेतावर ओतले. जनावराला दिलेल्या औषधाचा मोठा भाग न बदलता शेणामुतातून बाहेर पडतो. टेट्रासायक्लिनसारखी द्रव्ये चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटतात व तेथे दीर्घकाळ टिकतात. खाद्यातील मात्रा रोग मारण्याइतकी नसते; दुबळ्या जंतूंना बाजूला सारून चिवट जंतूंना जागा करून देण्यास मात्र ती पुरेशी असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेच्या याच धोक्याकडे बोट दाखविले होते. माणसाने चुकून करू नये म्हणून त्यांनी जे सांगितले, ते कुक्कुटपालनाचा नियमच होऊन बसले.

यात आणखी एक गोष्ट मिळाली. जपानमध्ये आमांशाचे जंतू एकाच वेळी अनेक औषधांना जुमानीनासे झाले, तेव्हा १९५९ च्या सुमारास तोमोइचिरो अकिबा आणि कुनितारो ओचिआई यांनी दाखवून दिले की, ही शक्ती एका जीवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जीवाणूकडे सरळ जाऊ शकते. जीवाणूच्या मुख्य सूत्राबाहेर असणारी जनुकांची छोटी कडी एकाकडून दुसऱ्याकडे सुपूर्द होते. आपल्याकडे विद्या गुरूकडून शिष्याकडे जाते. येथे ती वाटेत भेटलेल्या परक्याकडेही जाते. त्यामुळे कोंबडीच्या आतड्यातील निरुपद्रवी जीवाणू, खताच्या ढिगातील जीवाणू, शेतमातीतील जीवाणू आणि रुग्णाच्या रक्तातील प्राणघातक जीवाणू यांच्यामध्ये कोणतीही अभेद्य भिंत उरत नाही.

इशारे वेळेवर मिळाले नाहीत असे नाही. ब्रिटनमध्ये मायकेल स्वान यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६९ साली असा अहवाल दिला की, माणसाच्या उपचारात लागणारी प्रतिजैविके जनावरांच्या वाढीसाठी वापरू नयेत. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी बॉस्टनजवळच्या एका शेतावर प्रत्यक्ष प्रयोग केला. काही कोंबड्यांना टेट्रासायक्लिनयुक्त खाद्य दिले, काहींना साधे. आठवडाभरातच औषध खाणाऱ्या कोंबड्यांच्या आतड्यांतील जवळजवळ सर्व जीवाणू टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले आणि काही महिन्यांत शेतावरच्या कुटुंबातील माणसांच्या पोटातही तसेच जीवाणू वाढलेले आढळले. त्या माणसांनी ते औषध घेतलेले नव्हते. १९७६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकन औषध प्रशासनाने निर्बंधाचा प्रस्ताव मांडला. पण तो तसाच पडून राहिला. वाढीसाठी महत्त्वाच्या औषधांचा वापर तेथे थांबण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

पूर्व जर्मनीत तर इतिहासाने आपणहून एक स्वच्छ प्रयोग मांडला. तेथे १९८३ पासून डुकरांच्या खाद्यात नूर्सिओथ्रिसिन नावाचे प्रतिजैविक घालण्यास सुरुवात झाली. हे औषध माणसांना कधीच दिले जात नव्हते. दोनच वर्षांत डुकरांच्या पोटात त्याला न जुमानणारे जीवाणू आढळले; त्यानंतर ते शेतावर काम करणाऱ्यांत, मग त्यांच्या कुटुंबीयांत, मग त्या गावांतील ज्यांचा डुकरांशी काही संबंध नाही अशा लोकांत सापडले आणि शेवटी आमांशाच्या जंतूंपर्यंत ही शक्ती पोहोचली. गोठ्यातून गावात जाण्याचा मार्ग याहून स्पष्टपणे कोणत्याही नकाशावर रेखाटता आला नसता.

एवढे होऊनही मातीचीच साक्ष काढणे बाकी होते. माती बोलत नाही. परंतु ती जपून ठेवली तर तिच्याकडून जबानी घेता येते. युरोपातील जुन्या कृषिसंशोधन केंद्रांत एक चांगली प्रथा आहे. दरवर्षी प्रयोगक्षेत्रातील थोडी माती वाळवून, बरणीत भरून, तारीख घालून फडताळात ठेवायची. ज्यांनी त्या बरण्या भरल्या, त्यांच्या मनात पिकांच्या पोषणाचे प्रश्न होते. जनुकांचे नावही त्यांतील पुष्कळांनी ऐकलेले नव्हते. तरीही त्यांच्या या चिकाटीचे मोल फार मोठे ठरले. चार्ल्स नॅप, डेव्हिड ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील पाच ठिकाणची, १९४० ते २००८ या काळातील जपलेली माती तपासली आणि २०१० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रतिजैविकांना रोधणाऱ्या जनुकांचे प्रमाण या काळात वाढत गेले होते. टेट्रासायक्लिनला रोधणारी काही जनुके तर १९७० च्या दशकातील प्रमाणाच्या पंधरा पटींहून अधिक झाली होती.

डेन्मार्कमधील आस्कोव्ह येथील बरण्यांनी याहून सूक्ष्म हकीकत सांगितली. तेथे १८९४ पासून काही तुकड्यांना शेणखत आणि काहींना रासायनिक खत देण्याचा प्रयोग अखंड चालू आहे. १९२३ ते २०१० या काळातील तेथील माती तपासून २०१६ साली जे प्रसिद्ध झाले, त्याचा आशय असा : १९६० पूर्वी दोन्ही प्रकारच्या तुकड्यांत पेनिसिलिनच्या कुळाला रोधणारी जनुके अत्यल्प होती. त्यानंतर ती शेणखताच्या तुकड्यांत एकामागून एक वाढत गेली, आणि तो क्रम रुग्णालयांतील जंतूंमध्ये ती जनुके प्रकट होण्याच्या क्रमाशी जुळणारा होता. जनावरांवरील वापराला आळा बसल्यावर त्यांचे प्रमाण पुन्हा उतरू लागले. रोगाचा चढ आणि उतार दोन्ही या मूक बरण्यांत नोंदले गेले होते.

हा उतार महत्त्वाचा आहे, कारण त्यात आशा आहे. डेन्मार्कने १९९५ साली कोंबड्या-डुकरांच्या खाद्यातील ॲव्होपार्सिन या औषधावर बंदी घातली. हे औषध व्हँकोमायसिनचे सख्खे भावंड. एकाला जुमानत नसणारा जीवाणू दुसऱ्यालाही जुमानत नाही. बंदीनंतर कोंबड्यांतील असे जीवाणू झपाट्याने घटले. डुकरांत मात्र ते रेंगाळले. शोध घेता असे दिसले की, दोन औषधांना रोधणारी जनुके एकाच कडीत गुंफलेली होती; दुसरे औषध, टायलोसिन, चालू असल्यामुळे पहिली ढालही टिकून राहिली होती. तेही थांबविल्यावर डुकरांतही घट दिसली. १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघात वाढीसाठी प्रतिजैविके खाऊ घालणे बंद झाले. डेन्मार्कमधील डुकरांचा धंदा त्यामुळे बुडाला नाही.

ही कथा परदेशीयांची म्हणून ऐकून सोडून द्यावी अशी मुळीच नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तेव्हा स्वतंत्र भारताच्या दृष्टीने ती मोठी अभिमानाची गोष्ट होती. महागडे परदेशी पेनिसिलिन आता आपल्याच भूमीवर तयार होणार होते. एम. जे. तिरुमलाचार यांनी तेथे पिंपरीच्याच मातीतील एका स्ट्रेप्टोमायसीसपासून हॅमायसिन हे बुरशीवरील औषध शोधले. त्या जीवाणूच्या नावात पिंपरीचे नाव कायमचे गुंफले गेले. मराठी मुलखातील मातीनेही जगाच्या औषधालयात आपली भर घातली ती अशी.

याच कारखान्याचे स्ट्रेप्टोसायक्लिन द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांना चांगले परिचित आहे. त्यात नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन असते. डाळिंबावरील तेल्या, लिंबावरील खैऱ्या, भातावरील कडा करपा अशा जीवाणूजन्य रोगांवर ते फवारले जाई. उभ्या बागेचा एका हंगामात नाश होताना पाहणाऱ्या शेतकऱ्याला या फवाऱ्याबद्दल दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. तरीही जे औषध क्षयरोग्याला वाचविण्यासाठी जन्मले, ते पानांवरून ठिबकून मातीत मुरते तेव्हा तेथील जीवाणूंची निवड ते करणारच. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचा वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला आणि १ जानेवारी २०२४ ही संपूर्ण बंदीची तारीख त्यात घातली. त्यापूर्वी, जुलै २०१९ मध्ये, आरोग्य मंत्रालयाने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिनचा वापर मना केला होता. त्याला कारण होते. इतर सर्व औषधे थकल्यावर डॉक्टर ज्याकडे वळतात, असे हे अखेरचे शस्त्र. ते निकामी करणारे आणि एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे जनुक २०१५ साली चीनमधील डुकरांत आढळले होते.

यावरून शेणखतच टाकाऊ, असा निष्कर्ष कोणी काढील तर ती मोठी चूक होईल. शेणखताने हजारो वर्षे या देशाची जमीन जिवंत ठेवली आहे आणि पुढेही तिला त्याचाच आधार आहे. दोष शेणाचा नाही. जनावराच्या दावणीत आपण जे टाकतो, त्याचा आहे. चांगले कुजलेले, ढिगातील उष्णतेने तापून निघालेले खत ओल्या शेणापेक्षा कमी धोक्याचे असते, हे आधुनिक अभ्यासही सांगतात. आजारी जनावराला जाणत्या पशुवैद्याच्या सल्ल्याने पूर्ण मात्रेत औषध देणे हा धर्मच आहे. निरोगी जनावराला वजनासाठी रोज चिमूटभर चारणे हा मात्र उद्याच्या रुग्णाकडून न विचारता घेतलेला उसना पैसा आहे.

इतिहासात कृतघ्नतेची उदाहरणे पुष्कळ आहेत. परंतु ती बहुधा माणसांनी माणसांशी केलेली असतात. येथे कृतघ्नता भूमीशी घडली. मिसुरीतल्या शेताच्या एका तुकडीने क्षुल्लक मूठभर मातीतून माणसाला अमोल औषध दिले. माणसाने ते औषध कोंबडीच्या खाद्यात कालवले आणि खताच्या गाड्यांतून परत शेतावर नेऊन टाकले. मातीने ते निमूटपणे स्वीकारले. आणि जे स्वीकारले त्याचा हिशेब आपल्या जीवाणूंच्या जनुकांत लिहून ठेवला. आस्कोव्हच्या बरण्यांवरून इतके दिसते की, माणसाने हात आखडला तर या हिशेबातील आकडे खालीही येतात. प्रत्येक हंगामात एकेक बरणी भरून ठेवणाऱ्या त्या अनामिक कृषिसेवकांनी आपल्याला ही जाण दिली. पुढच्या पिढीतील कोणी आजच्या वर्षाची बरणी उघडील, तेव्हा तिच्यात काय निघावे, हे आज दावणीत आणि फवाऱ्यात काय पडते यावरच ठरणार आहे.